तिसरा रकाना

कंगवा सरांच्या डोक्यावर एकही केस नव्हता आणि खिशात कायम कंगवा असायचा. पिवळा, प्लॅस्टिकचा, कडेचे दोन दात तुटलेला. नवी तुकडी पहिल्या दिवशी हमखास हसायची. सर हसू देत. हसणं आपोआप विरलं की म्हणत, "झालं? मला केस न्हाईत, म्हणून तुमचे उसने घ्यायचे हायत. दिवाळीपर्यंत वाढवा." दिवाळीच का, हे त्या दिवशी कुणालाच कळत नसे.

बेळगावच्या एका कॉलेजात ते आम्हाला बारावीला, म्हणजे आमच्याकडच्या सेकंड पीयूला, भौतिकशास्त्र शिकवायचे. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच राहिलं. टोपणनाव त्यांना ठाऊक होतं. एकदा शिपाई चुकून तोंडावर म्हणाला, "कंगवा सर, प्रिन्सिपॉलनी बोलावलंय." सर खिसा चाचपत उठले आणि म्हणाले, "दोघांना बोलावलंय का एकट्याला?"

दिवाळीचं कारण पाऊस. पुस्तकातला पहिला धडा स्थिर विद्युतचा, आणि कॉलेज सुरू होतं जूनमध्ये. आमच्याकडच्या जूनमध्ये भिंती घाम गाळतात, वह्यांची पानं मऊ पडतात, आणि कोरड्या केसांतून कितीही वेळा फिरवला तरी कंगवा कागदाचा कपटासुद्धा उचलत नाही. म्हणून सर पहिले दोन धडे बाजूला ठेवून तिसऱ्यापासून सुरुवात करत. दरवर्षी प्रिन्सिपॉल बोलावत, आणि दरवर्षी तेच बोलणं होई. ऑफिसच्या बाहेर फीच्या रांगेत उभं राहून आम्ही ते ऐकलेलं आहे.

"सर, पहिला धडा शेवटी घेता, पालक विचारतात."

"हवेतलं पाणी सगळा प्रभार पिऊन टाकतंय सर. मी दाखवू काय?"

"दाखवू नका. नुसतं सांगा."

"नुसतं सांगायला पुस्तक हाय की. मग मी कशाला?"

दिवाळी झाली, हवा कोरडी झाली, की एक दिवस सर फळ्यावर लिहीत : उद्या डोक्याला तेल लावून येऊ नये. माझ्या आईला हे अजिबात पटलं नव्हतं. "कसला मास्तर गं ह्यो, पोरींना तेल लावू नका म्हणतोय?" पण मी तेल न लावता गेले. सरांनी कंगवा माझ्याच हातात दिला. मी तो केसांतून आठ-दहा वेळा ओढला आणि टेबलावरच्या कपट्यांवर धरला. कपटे उठून उभे राहिले, दोन-चार उडून कंगव्याला चिकटले. वर्ग पुढं सरकून बघत होता. सर हात मागं बांधून उभे. "कुणी हात लावला त्यास्नी? दोरी बांधलीया? मग कशानं उठले?"

त्या 'कशानं'चं उत्तर म्हणजे क्षेत्र. सर म्हणाले, "तुम्ही घरात दंगा करालाय. दारात आप्पा आले. अजून बोलले न्हाईत, मारले न्हाईत. पण सगळी सरळ बसली. घरातली जागाच बदलली की न्हाय? त्या बदललेल्या जागेचं नाव क्षेत्र. एक प्रभार हितं ठेवला की त्याच्या भोवतीची सगळी जागा बदलती. दुसरा कुणी येऊ दे न येऊ दे." मागून एकजण म्हणाला, "सर, आमच्यात आप्पा आले तरी कोण सरळ बसत न्हाय." सर म्हणाले, "मग तुझ्या आप्पाचा प्रभार मोजायला पाहिजे. आई किती कुलोंबची हाय तुझी?"

सर निपाणीकडच्या एका जैन शेतकरी घरातले. आईशी कन्नड बोलत, बायकोशी मराठी, आणि सूर्य मावळायच्या आत जेवत. त्यामुळं जादा तासाला कितीही रंग चढलेला असला तरी पाच वाजता खडू खाली ठेवत. "डबा वाट बघालाय," म्हणत, आणि स्टाफरूमच्या खिडकीशी एकटेच बसून जेवत. आम्ही शंका घेऊन गेलो तर एका हातानं भाकरी मोडत, दुसऱ्या हातानं बाकावर बोटानं आकृती काढत. पुसता न येणाऱ्या, दिसतही नसलेल्या त्या आकृत्या आम्हाला मात्र नीट समजत.

सगळ्या मुलींना ते 'आक्का' म्हणत आणि मुलांना 'आप्पा'. आणि प्रत्येक गोष्ट दोनदा विचारत. मान उजवीकडं वळवून कन्नडात "हौदल्ला?" आणि डावीकडं वळवून "व्हय का न्हाय?" कारण वर्ग तसा बसलेला होता. दहावीपर्यंत मराठीत शिकून आलेली आम्ही डाव्या बाकांवर, कन्नडमधून शिकून आलेली उजव्या. तसं बसा असं कुणी सांगितलं नव्हतं. पुस्तक इंग्रजी होतं, आणि बुडत दोन्ही बाजू सारख्याच होत्या. फक्त बुडताना एकमेकांकडं बघत नव्हतो.

विभव शिकवताना त्यांनी आमच्या येळ्ळूरजवळचा राजहंसगड घेतला. "एक पोतं गडावर न्यायचं हाय. एकजण सरळ चढणीनं नेतोय. दुसरा गाडीवाटेनं, वळसं घेत. वजन तेच, उंची तीच. गड विचारतोय का, कुठल्या वाटेनं आलास म्हणून? गडाला एवढंच ठाऊक, किती वर आलास. एकक प्रभाराला लांबून हितवर आणायला जेवढं काम पडलं, तेवढं हितलं विभव. वाट कुठली बी असू दे." मी उठून म्हटलं, "सर, पण वळसं घेणाऱ्याचे पाय जास्त दुखतात की." सर खूश झाले. "ते घर्षण. पायाचं दुखणं गडाच्या नावावर टाकायचं न्हाय."

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढं जे झालं ते माझ्या हातून झालं. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून. आमच्या आण्णांचा, म्हणजे वडिलांचा, शहापुरात लहानसा छापखाना. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि सीमाप्रश्नाची पत्रकं. 'जाहीर आवाहन' हे मी वाचलेले पहिले दोन शब्द. नोव्हेंबरची पहिली तारीख, म्हणजे आमचा काळा दिवस, जवळ आली की घरात जेवायला बसायची जागासुद्धा गठ्ठ्यांनी भरायची. दहावीनंतर पत्रकांचा मजकूर मीच लिहू लागले. आमच्या गावातल्या पाट्या, आमचे दाखले, आमच्या शाळा, यांतून आमची भाषा कशी पुसली जाते, हे मी लहानपणापासून बघत आले होते. त्यावर मी रागानं लिहायची.

सर मात्र कुठल्याच पत्रकावर सही करत नसत. ना आमच्या, ना त्यांच्या. ऑक्टोबरात मी एकदा जिन्यात त्यांना गाठलं आणि सरळ विचारलं, "सर, तुम्ही कुठल्या बाजूचे?"

"कशाबद्दल?"

"सगळ्याबद्दल. दोन्हीकडं मान वळवता. तुमची स्वतःची बाजू म्हणजे शून्यच की मग."

असं शिक्षकाला बोलायला नको होतं, हे बोलतानाच कळलं. सर दोन पायऱ्या खाली होते. वर बघून म्हणाले, "ह्याचं उत्तर धड्यात येतंय. दिवाळीनंतर." आणि गेले. मला वाटलं, टाळलं त्यांनी.

त्याच सुमारास त्यांनी मला एक जाड वही दिली. पट्टीनं आखलेले तीन रकाने. पहिल्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात मराठी, तिसऱ्यात कन्नड, आणि खाली प्रत्येक शब्दाचा दोन ओळींत अर्थ, दोन्ही भाषांत. कित्येक वर्षांची शाई होती तिच्यात, निळी, काळी, हिरवी. तिसऱ्या रकान्यात बऱ्याच ठिकाणी शब्दच नव्हता, नुसत्या दोन बारीक रेघा होत्या : शेजारचाच. क्षेत्र, रेघा. बल, रेघा. विभव, रेघा. विभवांतर, रेघा. वेगळा असेल तिथंच शब्द लिहिलेला. आमचं प्रतिकर्षण, त्यांचं विकर्षण. आमची ऊर्जा, त्यांची शक्ती. आमचा प्रभार, त्यांचा आवेश.

"ह्याचं पुस्तक करायचं हाय," सर म्हणाले. "दिवाळीनंतरच्या धड्याला पोरांच्या हातात पायजे. दोन्हीकडच्या. कागदाचं मी बघतो. टाईप करून देशील काय, आक्का?"

"मी करतो की सर," मी म्हटलं. आमच्याकडं मुलीही 'करतो'च म्हणतात.

सरांनी आयुष्यात दुसऱ्या कुणाकडं काही मागितलेलं मी पाहिलं नाही. त्यांना बढती नको होती, सत्कार नको होता. त्यांना एवढंच हवं होतं, की जी पोरं शब्द न कळल्यामुळं पहिल्या चाचणीत पडतात आणि शास्त्र सोडून जातात, ती जाऊ नयेत. डावीकडची आणि उजवीकडची. ते सगळं त्या वहीत होतं, आणि ती वही माझ्या दप्तरात होती.

दिवाळीच्या सुट्टीत मी टाईप करायला बसले. आजूबाजूला पत्रकांचे गठ्ठे, फोनवर कुणाकुणाच्या अटकेच्या बातम्या, आणि माझ्यासमोर तीन रकाने. तिसऱ्याकडं बघून माझं डोकं तापायचं. बाहेर आमच्या पाट्यांवर त्यांचं अक्षर वर आणि आमचं खाली, किंवा आमचं नाहीच. आणि इथं आमच्या छापखान्यात, आमच्या मशिनवर, मी ते अक्षर छापायचं? मी तिसरा रकाना काढून टाकला. उरलेले दोन ऐसपैस पसरले. पान सुरेख दिसू लागलं. शेवटच्या पानावर मी माझ्या मनानं एक मजकूर घातला, विद्यार्थ्यांना आवाहन करणारा, पत्रकाच्या सुरात.

आण्णांनी प्रूफ बघितलं. "सरांनी तीन रकाने दिलते की गं."

"दोन बास झाले."

"विचारलीस त्यास्नी?"

"व्हय," मी म्हटलं.

आण्णांनी प्रूफ माझ्या हातात परत दिलं. आयुष्यभर पत्रकं छापलेला माणूस तो, दोनदा तुरुंगात जाऊन आलेला. "दुसऱ्याच्या मजकुराला आपण कधी हात लावत न्हाय हं," एवढंच म्हणाले आणि मशिनकडं गेले.

सुट्टी संपल्यावर मी गठ्ठा घेऊन स्टाफरूममध्ये गेले. सरांनी वरची प्रत काढली, आधी नाकाशी धरून शाईचा वास घेतला, हसले. मग उघडली. दोन पानं उलटली, तिसरं उलटलं नाही.

"आक्का, एक रकाना कुठं गेला?"

"सर, कन्नड फाँट नव्हता आमच्या कॉम्प्युटरवर."

ते शांतपणे म्हणाले, "माझ्या भावाच्या पोरीची लग्नपत्रिका तुमच्यातच छापलती. कन्नडात."

त्यांनी शेवटचं पान वाचलं, सावकाश, सगळं. खिशातून पेन्सिल काढली, एका शब्दाभोवती गोल केला, बाजूला काहीतरी लिहिलं आणि ती प्रत माझ्या हातात दिली. "ही तुझी. गठ्ठा त्या कपाटावर ठेव, रेणुका."

त्यांनी मला नावानं हाक मारली ती पहिल्यांदा. माझं नाव इतकं परकं कधी वाटलं नव्हतं.

बाहेर येऊन मी पान उघडलं. मी लिहिलं होतं, 'आपला आवेश कधीही विझू देऊ नका.' आवेशाभोवती गोल होता, आणि बाजूला सरांच्या बारीक अक्षरात : चार्ज. तिसरा रकाना. काढून टाकलेल्या रकान्यातला तो शब्द त्या एका पानावर मी पाच वेळा वापरला होता.

उजव्या बाकांवर महादेवी नावाची मुलगी बसायची, हुक्केरीकडच्या एका खेड्यातली, हॉस्टेलवर राहणारी. पुस्तकं वाटली तेव्हा माझं लक्ष तिच्याकडंच गेलं. तिनं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पानं उलटली, मग शेवटापासून परत पहिल्यापर्यंत, हरवलेलं शोधावं तशी. मग पुस्तक मिटून बाकावर ठेवलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवून बसली. आमचे शब्द कुणी पुसले की आत काय होतं, हे मला ठाऊक होतं. त्यावर मी पानंच्या पानं लिहिलेली होती. आणि तेच मी एका मुलीला केलं होतं, जिच्या हातात ना पाटी होती, ना सत्ता, ना पोलीस. इंग्रजीत माझ्याइतकीच बुडणारी मुलगी. मी ज्यांच्याविरुद्ध लिहीत होते त्यांचं काही वाकडं झालं नाही. वाकडं झालं ते हिचं.

सीमाभागाबद्दल माझं म्हणणं आजही तेच आहे, आणि ते मी आजही सही करून लिहिते. पण त्या दिवशी मी जे केलं त्याला लढा म्हणायला मी तयार नाही.

सरांनी उजवीकडच्या मुलांकडून पुस्तकं परत घेतली आणि तिसरा रकाना हातानं लिहायला बसले. जागा मी ठेवलीच नव्हती, म्हणून दोन ओळींच्या मधून, हिरव्या शाईत. वही माझ्याकडंच होती, ती त्यांनी मागितली नाही; शब्द त्यांना पाठ होते. चाळीसेक प्रती होत्या. दुपारच्या सुट्टीत, मधल्या तासाला, जेवण झाल्यावर. धडा सुरू झाला तरी काम संपलेलं नव्हतं, म्हणून रोज पाच-सहा प्रती तयार होतील तशा वाटायचे. मी एकदा स्टाफरूमच्या दारापर्यंत गेले.

"काय पायजे, रेणुका?"

"काय न्हाय सर."

'मी लिहितो' एवढं म्हणायचं होतं. मला कन्नड लिहिता येत होतं. दहावीला त्यात चांगले गुण होते.

आणि मग ऑक्टोबरातल्या प्रश्नाचं उत्तर धड्यात आलं. सरांनी फळ्यावर दोन टिंबं काढली. "हितं एक, हितं एक. दोन्ही सारखे. आता बरोबर मधोमध एक बारका प्रभार ठेवला. ह्यो हिकडं ढकलतोय, त्यो तिकडं. हलंल?"

"न्हाय सर."

"मग तिथलं क्षेत्र किती?"

"शून्य," सगळा वर्ग म्हणाला.

"शून्य. म्हणजे तिथं कायच न्हाय म्हणायचं?" त्यांनी खडू त्या मधल्या जागेवर टेकवून ठेवला. "आता तिथलं विभव काढा." आम्ही काढलं. ते शून्य येईना. एकाचं विभव येत होतं, त्यात दुसऱ्याचं मिळत होतं. "ढकलण्याला दिशा असती, म्हणून ते कटतंय. विभवाला दिशा न्हाय. त्याची बेरीज हुती. मधे हुभा हाय त्याच्यावर दोघांचंबी वझं हाय. बाहेरून बघणाऱ्याला वाटतंय, हलत न्हाय म्हणजे शून्य. हौदल्ला?" मग मान डावीकडं वळली. "व्हय का न्हाय?" त्यांची नजर माझ्यावर थांबली नाही. थांबली असती तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

वर्ष संपेपर्यंत ते मला रेणुकाच म्हणत राहिले. शंका विचारली तर पूर्ण समजावून सांगत, भाकरी मोडता मोडता सुद्धा. कमी काही केलं नाही. फक्त 'आक्का' गेलं. परीक्षेच्या आधी हॉल तिकीट घ्यायला ऑफिसात गेले होते. सर फायली घेऊन जाता जाता म्हणाले, "आक्का, फोटोवर शिक्का बघून घे." मी मान वर केली तोवर ते पुढं गेले होते. मागं वळून बघितलं तर माझ्या मागं दुसरी एक मुलगी हॉल तिकीट घेऊन उभी होती. ती हाक कुणाला होती, हे मला कधीच कळलं नाही. तिलाही तिकीट उलटसुलट करून बघताना मी पाहिलं.

पुढं मी पुण्याला आले. लिहिणं सुरू झालं, नोकरी लागली. सर निवृत्त होऊन निपाणीजवळच्या आपल्या गावी गेल्याचं कळलं. पुणे-बेळगाव बस निपाणीवरून जाते. दर खेपेला मी ठरवायची, या वेळी उतरायचं. सर सांगायचे, अंतर दुप्पट झालं की बल पाव होतं, पण विभव निम्मंच कमी होतं. ओढ लवकर सरते, ते दुसरं काहीतरी मागं बराच काळ राहतं. एकदा खरंच उतरले. भर दुपार होती, हवेत तंबाखूचा वास होता. स्टँडवर चहा घेतला. त्यांच्या गावाची गाडी कुठली हे चौकशीच्या खिडकीवर विचारलं, ती समोरच उभी होती, कंडक्टर नाव पुकारत होता. काय म्हणायचं ते मनात दोन-तीनदा बोलून बघितलं. प्रत्येक वेळी ते पत्रकासारखं वाटलं. ती गाडी गेली. मी पुढची बेळगावची बस धरली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात आमच्या जुन्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सर गेल्याचं आलं. खाली हात जोडलेली चित्रं येत गेली.

माजी विद्यार्थ्यांनी कॉलेजच्या हॉलमध्ये त्यांच्यासाठी एक दुपार ठेवली. मी गेले. महादेवी आली होती. आता ती एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. नवरा मिलिटरीत, घर बेळगावच्या कॅम्पात. ती बोलायला उभी राहिली तेव्हा तिच्या हातात ते पुस्तक होतं, कडा झिजलेलं, ओळींच्या मधून हिरवं. तिची मराठी आता माझ्याइतकी सफाईदार आहे. ती म्हणाली, "ह्या पुस्तकामुळं मी टिकले. छापताना कन्नड फाँट मिळाला नव्हता, म्हणून सरांनी आमच्यासाठी सगळं हातानं लिहिलं. सर म्हणाले होते, पोरीनं लई शोधला फाँट, मिळाला न्हाय, तिचा काय दोष न्हाय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खुर्चीचा हात धरून बसले. माझं खोटं त्यांनी माझ्यासमोर उघडं पाडलं होतं, आणि मग तेच उचलून चाळीस मुलांपुढं माझ्यासाठी उभं केलं होतं. उजवीकडच्या बाकांवरून त्या रकान्याबद्दल मला कुणी कधी दोषाचा एक शब्दही ऐकवला नव्हता. त्याचं कारण मला त्या दिवशी समजलं.

चहाच्या वेळी मी तिला गाठलं. "महादेवी, फाँट होता. मीच काढला तो रकाना."

तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "मला वाटायचं, मिळाला असता तर किती बरं झालं असतं. किती दिवस वाटायचं." तिला राग आला होता आणि ती तो लपवत नव्हती. मीही क्षमा कर वगैरे म्हटलं नाही. ते सरांना म्हणायचं राहिलेलं होतं, ते तिच्यावर ओतण्यात अर्थ नव्हता. निघताना तिनंच विचारलं, "सर सांगायचे ती तीन रकान्यांची वही कुठाय?"

"माझ्याकडंच. परत द्यायची राहिली."

"मग घेऊन ये कॅम्पात. रविवारी."

आता महिन्यातून एका रविवारी मी बेळगावला जाते. तिच्या व्हरांड्यात टेबल मांडून आम्ही बसतो. तीन रकाने, या वेळी तिन्ही छापायचे. ती कन्नड सांगते, मी टाईप करते, चुकलं की ती माझ्या हातावर पेननं टिचकी मारते. खूप गप्पा होतात असं नाही. रेघा असलेले शब्द भराभर संपतात, वेगळे असलेल्यांना वेळ लागतो.

गेल्या रविवारी आम्ही 'डायइलेक्ट्रिक'पाशी आलो. ज्यातून वीज वाहत नाही, पण क्षेत्रात ठेवला की ज्याच्या आतले प्रभार जागच्या जागी किंचित सरकतात, तो पदार्थ. सरांनी त्याच्यासमोर दोन्ही रकाने रिकामे ठेवले होते. कोशातला मराठी शब्द मी वाचला, तो तिला पटला नाही. तिनं तिच्याकडचा कन्नड शब्द सांगितला, तो तिला स्वतःलाच आवडला नाही.

"हे सरांनाच विचारू," महादेवी म्हणाली.

"व्हय," मी म्हटलं, "विचारून घेतो मी." आणि फोन घ्यायला हात पुढं केला. फोनला हात लागला तेव्हा दोघींनाही आठवलं.

मग तिनं वहीचं पान उलटलं, आणि आम्ही पुढचा शब्द घेतला.